एकोणीस नंबरची जाड रेघ

आमच्या विठ्ठलवाडीचा हा दिवाळी अंक सुरू झाल्यापासून संपादक दरवर्षी मला फोन करतात आणि एकच सांगतात, "कांबळेताई, तुमच्या ऑफिसातल्या गमती लिहा. लोकांना जरा हसू येईल असं." मी दरवर्षी पाठदुखीचं कारण पुढे करून टाळत आले. यंदा हो म्हटलं. गमती आहेत, नाही असं नाही. पण त्या संपल्या की पुढे जे येतं ते हसण्यासारखं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. छापायचं नसेल तर संपादकांनी पान कोरं सोडावं. कोऱ्या पानाचं मला नवल नाही. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं अशा एका डोंगरावर गेली, ज्याचा फोटो काढला तर कोरा कागद दिसतो.

आमचं ऑफिस अंबरनाथ एमआयडीसीत होतं. खाली रंगाची रसायनं बनवणारा कारखाना आणि वरच्या मजल्यावर आम्ही. जिना चढताना पदर नाकाला लावायचा, दार ढकलून आत गेलं की एसीची थंडी. तो एसी आमच्यासाठी नव्हता, संगणकांसाठी होता. संगणक नसते तर आम्हाला पंखाही मिळाला नसता. तिथे आम्ही वीस-पंचवीस बायका माउस हातात धरून दिवसभर रेघा गिरवायचो. कुणी विचारलं की मी तेच सांगायची, "रेघा गिरवते." समोरचा हसायचा. माझ्या सासूबाई मात्र शेजारणींना ऐटीत सांगायच्या, "सूनबाई कॉम्प्युटरवर आहे." त्या काळात आमच्या चाळीत कॉम्प्युटरवर मी एकटीच होते.

आता हे काम काय, ते सांगते. कारखान्यात बॉयलर असतो, रसायन शिजवायची मोठी भांडी असतात. त्यांची उष्णता किती चढली, किती उतरली, हे नोंदवायला पूर्वी भिंतीवर एक यंत्र असायचं. त्यात ताटलीएवढा गोल कागद फिरायचा आणि वर एक पेन टेकलेलं असायचं. उष्णता वाढली की पेन बाहेरच्या बाजूला सरकायचं, कमी झाली की आत. दिवसभराचा एक गोल. असे गोल कारखान्यांच्या माळ्यावर पोत्यांनी पडलेले असत. ते कुणाला तरी संगणकात हवे झाले, म्हणून आमचं ऑफिस निघालं. कागदाचा फोटो संगणकात घ्यायचा, पडद्यावर मोठा करायचा आणि रेघेवर बोट बोट अंतराने टिचकी मारत जायचं. संगणक त्या टिचक्या जोडून आकडे बनवायचा. डोळे आणि मनगट, एवढंच भांडवल.

यातली एकच गोष्ट शिकावी लागायची. पावसाळ्यात अंबरनाथच्या हवेत शाई पातळ होते आणि पेन गळतं. मग रेघ बारीक न राहता गांडुळासारखी जाड होते. नव्या मुली गोंधळायच्या, वरच्या कडेने जाऊ की खालच्या? मी सांगायची, "पेन गळलंय गं. मधून सरळ घे." हे खरंच होतं. बहुतेक वेळा खरंच पेन गळलेलं असायचं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एक अधिकारी आपले गोल कागद जेवणाच्या डब्यात घालून आणायचे, कारण गेटवर पिशवी तपासतात, डबा तपासत नाहीत. ते कुणापासून लपवत होते हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कागदाला लोणच्याचा वास यायचा. दुसरे एक जण माझ्या खुर्चीमागे स्टूल घेऊन बसायचे आणि टिचकी मारली की कण्हायचे, "अजून जरा खाली घ्या ना, बाई." मी एकदा माउस त्यांच्या हातात दिला, तेव्हा गप्प बसले.

तिसऱ्या गिऱ्हाइकाची गंमत नाही. एका कारखान्याचे अधिकारी एकच गोल घेऊन आले. दुपारी तीनच्या सुमाराला पेन कागदाच्या कडेपर्यंत गेलं होतं आणि तिथे घसघशीत जाड झालं होतं. त्या दिवशी त्या कारखान्यात दोन कामगार भाजले होते, हे सगळ्या एमआयडीसीला माहीत होतं. अधिकारी म्हणाले, "इथे पेन गळलंय." आमचे मॅनेजर करंदीकर साहेब म्हणाले, "दिसतंच आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मधून सरळ घेतली. मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आठवड्याभरात करंदीकर साहेबांनी मला रेघांचे नियम एका कागदावर लिहायला सांगितले. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायची. सातवा नियम असा लिहिला: "जाड रेघ म्हणजे शाई. मधून सरळ घ्यावी." खाली सही केली, तीही लाल पेनाने, कारण तोवर मी चेकर, म्हणजे बाकीच्यांच्या रेघा तपासणारी, झाले होते आणि चेकरला लाल पेन असायचं. चेकरला आणखी एक गोष्ट असायची, हात असलेली खुर्ची. बाकी सगळ्या बिनहाताच्या खुर्चीवर बसायच्या. माझ्या आईने आयुष्यभर दुसऱ्यांची भांडी घासली. मी हात टेकायच्या खुर्चीत बसते हे बघायला ती एकदा मुद्दाम ऑफिसात आली होती. बसून बघ म्हटलं तर बसली नाही, नुसता खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. पुढे मी जे केलं ते कशासाठी केलं, ते कळावं म्हणून सांगते.

मग तो डोंगर आला. मालक किशनशेठ उल्हासनगरचे, दर शनिवारी यायचे आणि दारातूनच सगळ्यांना "बेटा" म्हणत सुरुवात करायचे. एका शनिवारी त्यांनी आम्हाला गोळा केलं. "देखो बेटा, बहुत दूर का काम मिला है. पहाड़ है, ज्वालामुखी. पर ऊपर इतनी बरफ है के पहाड़ दिखताच नहीं. उसका पुराना सब कागज अपने पास आएगा. साईं, लाइन साफ चाहिए, बस."

या कागदांवर रेघ गोल नव्हती. तिथे एक आडवं पिंप सावकाश फिरतं, त्यावर कागद गुंडाळलेला असतो. पिंपाचा एक फेरा झाला की पेन किंचित बाजूला सरकतं. त्यामुळे चोवीस तासांच्या रेघा वहीच्या ओळींसारख्या एकीखाली एक येतात. जमीन हलली की पेन थरथरतं. जमीन शांत, तर रेघ शांत. आम्ही त्या डोंगराला "म्हातारा" म्हणायचो. रेघ जराशी दातेरी झाली की "म्हातारा खोकला". मोठे दाते आले की "म्हातारा उठून बसला". मधूनच काही कागदांवर रेघ जाड व्हायची, तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस. आम्ही म्हणायचो, "म्हाताऱ्याची शाई सांडली." भिंतीवर सातवा नियम होताच. मधून सरळ.

लता भोईर तेव्हा आमच्याकडे दोन वर्षं होती. बदलापूरच्या पुढच्या गावातली आगरी मुलगी, एका पोराची आई. ऑपरेटर नंबर एकोणीस. प्रत्येक शीटवर गिरवणाऱ्याचा नंबर पडायचा, नाव नाही. तिची नजर अशी की खिचडी झालेल्या रेघांतून नेमकी आपली रेघ उचलायची. म्हणून जाड रेघांच्या, एकमेकींत घुसलेल्या, वाईट शीट मी सगळ्या तिलाच द्यायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीवर सगळं फिरलं. तिला "तुम्ही" म्हणायला जमायचं नाही. करंदीकर साहेबांनासुद्धा एकदा "तू बस" म्हणाली होती. मला तिचं "ताई, तू" आवडायचं.

एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली. "ताई, ही शाय नाय."

"कशावरून?"

"शाय कडंनं फुटते. कागदात पसरते. हिची कड बग, साफ हाय. आन मोठं करून बगितलं तं आत बारीक बारीक रेघा हायत, उभ्या, एकमेकीला खेटून. पेन गललेलं नाय, पेन हलतंय. थांबतच नाय."

मी उठून तिच्या पडद्यावर बघितलं. तिने चित्र इतकं मोठं केलं होतं की एक इंच रेघ सगळ्या पडद्यावर पसरली होती. ती म्हणत होती तसंच होतं.

"आजून एक," ती म्हणाली. "जाड रेघ आली का दोन-चार दिवसांनी पेन मरतंय. सरल सपाट. मंग कितीतरी दिवसांनी परत चालू होतं. मी चार ठिकानी बगितलंय."

मी काय करायला हवं होतं ते तुम्हालाही कळतंय. मी करंदीकर साहेबांकडे गेले, अर्धवट गेले. म्हणजे दार ठोठावलं आणि म्हटलं, "सर, जाड रेघांबद्दल एक शंका होती." ते फायलीतून वर न बघता म्हणाले, "नियम तुम्हीच लिहिलाय ना, कांबळेबाई? मग शंका कसली?" मी परत आले. लताला म्हटलं, "मधून सरळ घे. आपल्याला डोंगराशी काय करायचंय?"

तिने घेतली. पण तिच्या वडिलांची एक सवय तिच्यात उतरली होती. ते नदीकाठच्या पाण्याच्या पंपावर कामाला होते. दर पुराला नदी कुठवर आली त्याची खूण ते घराच्या भिंतीवर कोळशाने करून बाजूला तारीख लिहायचे. पाणी उतरल्यावर घर सारवलं तरी ती खूण पुसायची नाही, असा त्यांचा दंडक. लताने शंभर पानी वही आणली. जी जाड रेघ ती सरळ करायची, ती आधी पडद्यावर प्लास्टिकची पट्टी धरून मोजायची आणि वहीत लिहायची. शीट कुठली, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, पट्टीची किती घरं जाड, पेन कधी मेलं. मी एकदा रागावले, "याचा वेळ कोण भरून देणार?" ती म्हणाली, "जेवायच्या सुट्टीत लिवतंय. पुसलं ते कुठंतरी लिवलेलं पायजे, ताई."

असं पाच वर्षं चाललं.

मग म्हाताऱ्याच्या देशातून पत्र आलं. पत्र सभ्य होतं. तिथल्या लोकांच्या जुन्या डायऱ्यांत काही दिवसांची खास नोंद होती आणि आमच्या आकड्यांत नेमके तेच दिवस शांत दिसत होते, ते का? उत्तराची वाट न बघताच पत्र लिहिणारी शास्त्रज्ञ बाई स्वतः निघाली. ती यायच्या आदल्या दिवशी करंदीकर साहेब मला म्हणाले, "तो नियमांचा कागद जरा काढून ठेवा. भिंत रंगवायची आहे." भिंत रंगवायला कुणी येणार नव्हतं. मी स्टुलावर चढले, चारी कोपऱ्यांच्या टाचण्या काढल्या, कागदाची घडी केली आणि माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मागच्या रांगेतून लता बघत होती.

बाई साठीची, उंच, बारीक कापलेले पांढरे केस. अंबरनाथच्या उकाड्यात टोमॅटोसारखी लाल झाली होती. एमआयडीसीचा वास घेऊन आधी खोकली आणि मग स्वतःच हसली. सगळ्या मुलींना भेटायचं म्हणाली. तिने एक मोठा फोटो काढून टेबलावर ठेवला. नुसता पांढरा. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. लताने विचारलंच, "यात डोंगर कुठं हाय?"

करंदीकर साहेबांनी डोळे वटारले, पण बाईला शब्द न कळताच प्रश्न कळला. तिने फोटो दोन्ही बाजूंनी उचलून माझ्या हातात धरायला दिला आणि खालून आपली मूठ त्यावर दाबली. फोटो मधोमध फुगला. "हा," असं तिने बोटाने दाखवलं. मग ती सांगत गेली आणि साहेब मराठी करत गेले. डोंगर बर्फाखाली आहे. आतून गरम झाला की बर्फ खालून वितळतं. वरून काही दिसत नाही, पाणी खालीच साठत राहतं. एक दिवस ते बर्फाच्या कडेखालून फुटतं आणि रस्ता, पूल, मेंढ्या, विजेचे खांब, सगळं घेऊन जातं. खांब गेले की पेनही बंद. पण फुटायच्या आधी पाणी बर्फाखालून सरकायला लागतं, तेव्हा जमीन थरथरत राहते, न थांबता. कागदावर ती थरथर जाड रेघ होऊन दिसते. दर वेळी जाड रेघ सुरू झाल्यापासून पाणी फुटेपर्यंत किती वेळ गेला, हे जुन्या कागदांवरून समजलं, तर पायथ्याच्या लोकांना निघायला किती वेळ आहे ते आधी सांगता येईल. त्यासाठी तर कागद पाठवले होते.

आम्ही नेमके तेच दिवस सरळ केले होते. फोटो अजून माझ्या हातात होता.

नंतर केबिनमध्ये बसलो. किशनशेठ, करंदीकर साहेब, ती बाई आणि मी. साहेबांनी इंग्रजीत सांगितलं की सगळ्या चुकीच्या शीट एकाच ऑपरेटरच्या आहेत, आणि यादी पुढे सरकवली. एकोणीस, एकोणीस, एकोणीस. यादी खरी होती. त्या शीट एकोणीसला मीच दिल्या होत्या.

लताला बोलावलं. ती जेवणाच्या पिशवीसकट आली. साहेबांनी मराठीत विचारलं, "मॅडम विचारतायत, जाड रेघा तू सरळ का केल्यास?"

लताने आधी माझ्याकडे बघितलं. "ताईनी सांगितलं तसं केलं. भिंतीवर नियम होता ना."

साहेबांनी इंग्रजी केलं: तिला सूचना समजल्या नव्हत्या, असं ती म्हणते आहे. तेवढं इंग्रजी मला येत होतं. पण बाईही काही बुद्दू नव्हती. लताची मान कुणाकडे वळली ते तिने बघितलं होतं. ती माझ्याकडे वळली आणि मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत तिने विचारलं, जाड रेघ सरळ करायचा असा काही नियम होता का?

माझी पर्स माझ्या मांडीवर होती. कागद पर्समध्ये होता. मला आईचा हात आठवला, खुर्चीच्या हातावरून फिरणारा. मी म्हटलं, "नो, मॅडम."

लताने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. "माजं चुकलं आसंल तं ह्याच्यात बगा. सगलं लिवलंय."

वहीतले आकडे मराठीत. बाईला वाचता येईनात, म्हणून मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. अमुक शीट, सकाळी सहापासून, दोन दिवस, तीन घरं जाड, नंतर पेन बंद. बाईने आपल्या पिशवीतून पुरांच्या तारखांची यादी काढली. मी एक ओळ वाचायची, ती आपल्या यादीवर बोट ठेवायची. चौथ्या ओळीला तिचं बोट थांबलं आणि ती उठून उभी राहिली. ही वही कुणी लिहिली, असं तिने विचारलं. करंदीकर साहेब म्हणाले, हे आमच्या क्वालिटी विभागाचं रजिस्टर आहे, ही मुलगी फक्त घेऊन आली. क्वालिटी विभाग म्हणजे मी. बाईने माझे दोन्ही हात हातात घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लता दाराशी उभी होती आणि मी हात सोडवून घेतले नाहीत.

काम आमच्याकडेच राहिलं, वाढलंही. वही बाईबरोबर गेली. लताला सोमवारपासून यायचं नाही असं सांगण्यात आलं, तेही माझ्याकडून. किशनशेठ एवढंच म्हणाले, "बेटा, गलती में किसी का तो नाम जाएगा ना." फाटकाशी मी तिच्यामागून गेले. मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल. तिने विचारलं, "ताई, त्या कागदाची घडी कुठं ठेवलीस?"

मी म्हटलं, "कुठला कागद?"

ती शेअर रिक्षात बसली आणि गेली. पुढे ती उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात लागल्याचं कळलं. शिवलेल्या पँटींचे सुटलेले धागे तोडायचं काम. ती नजर धागे तोडण्यात गेली. मी क्वालिटी इनचार्ज झाले. तिकडून छापील अहवाल आला तेव्हा मागच्या पानावर आमच्या कंपनीचे आभार होते. करंदीकर साहेबांनी ते पान फ्रेम करून लावलं, बरोबर जिथे नियमांचा कागद होता तिथे. टाचण्यांची भोकं झाकली गेली.

आता ते ऑफिस नाही. रेघा संगणकच गिरवतो. माझी हातवाली खुर्ची भंगारात गेली असेल. शेवटच्या दिवशी मला शाल आणि नारळ मिळाला. करंदीकर साहेब भाषणात म्हणाले, कांबळेबाईंनी कधी एक रेघ चुकवली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

यंदा माझ्या मुलीने मोबाइलवर एक बातमी दाखवली. "आई, हा तुझा म्हातारा ना?" बर्फाच्या कडेखालून काळं पाणी सुटलेलं, रस्ता तुटलेला, पुलाचे नुसते खांब उरलेले. खाली लिहिलं होतं की पायथ्याची माणसं आधीच हलवली होती. ते लताच्या वहीमुळेच, असं मी म्हणणार नाही. मला तेवढं शास्त्र कळत नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही आणि सकाळी ट्रंकेतून ती जुनी पर्स काढली. कागद घडीत फाटायला आला होता. लाल सही मात्र जशीच्या तशी.

लताचं गाव आता गाव उरलेलं नाही. चारी बाजूंनी टॉवर आहेत आणि मधे तिचं घर. भिंतीवर कोळशाच्या खुणा अजून आहेत, वडिलांच्या खाली तिच्या हातच्या. ती जाड चष्मा लावून तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही, पण "बस" म्हणाली. मी मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने तो डोळ्यांजवळ नेला.

"मानसं?" तिने विचारलं.

"आधीच हलवली होती."

"बरं झालं." तिने मोबाइल परत दिला आणि पुन्हा तांदळाकडे वळली.

मी कागद उलगडून तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, सातवा नियम बोटाने वाचला, सहीवर बोट ठेवलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. "हा मना कशाला? मी काय लिवलं नव्हतं."

"लता, माफी मागायला आले."

"हितं?" ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली. "हितं कोन हाय? नो म्हनलीस तवा चार मानसं होती."

मी तिला या दिवाळी अंकाचं सांगितलं. म्हटलं, सगळं लिहीन. तुझं नाव मात्र बदलून घालते, म्हणजे तुला त्रास नको.

"बदलून कशाला? तवा माजा नंबर बरोबर घातलात. आता नाव पन बरोबर घाल. बापाच्या नावासकट."

तिने चहा विचारला नाही. मीही थांबले नाही. तिच्याकडून माफी मिळाली असं समजून कुणी हा लेख वाचू नये.

लता काशिनाथ भोईर. ऑपरेटर नंबर एकोणीस. नियम होता. तो माझ्या अक्षरात होता आणि खाली सही माझी होती. वही तिची होती.